अर्धे एल्फ, अर्धे ऑर्क : कल्पित जगातील मिश्र जमाती

मराठीत ‘अर्ध’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. एखाद्याला ‘अर्धवट’ म्हटले की तो चिडतो. ‘अर्धनारीनटेश्वर’ म्हटले की आपण हात जोडतो. पहिल्या शब्दातले अर्धे म्हणजे उणे, अपुरे राहिलेले. दुसऱ्या शब्दातले अर्धे म्हणजे दोहोंनी भरलेले, कशातच उणे नसलेले. गेली पन्नास वर्षे इंग्रजी भाषिक जगात एका खेळाच्या निमित्ताने या दोन अर्थांचा झगडा चालू आहे. त्या खेळात एल्फ आणि ऑर्क नावाच्या दोन कल्पित जमाती आहेत आणि त्यांच्या मिश्र संततीला ‘अर्ध-एल्फ’ व ‘अर्ध-ऑर्क’ अशी नावे आहेत. ही संतती उणी समजावी की दुहेरी, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना आजवर सुटलेला नाही. तो त्यांनी कसकसा सोडवून पाहिला आणि त्यातून आपल्याला काय उमगते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खेळ कोणता?

प्रथम खेळाविषयी थोडेसे. ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणजे भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ. चारसहा मित्र टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. तो गोष्टीतले जग, गावे, जंगले, शत्रू उभे करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या वतीने काय करावयाचे ते सांगतात. पात्राचे धाडस यशस्वी झाले की फसले, हे फासे टाकून ठरते. नाटक, सोंगट्या आणि आजीची गोष्ट यांचे हे मिश्रण समजा. या प्रकारातला पहिला प्रसिद्ध झालेला खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो 1974 साली बाजारात आणला.

प्रत्येक पात्राचा एक तक्ता असतो. त्यात बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव असे सहा गुण अंकांत लिहावयाचे. जुन्या पद्धतीत सहा बाजूंचे तीन फासे टाकून हे अंक ठरत; म्हणून कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 18. त्याखेरीज पात्राचा पेशा लिहावयाचा : योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर इत्यादी. आणि आणखी एक रकाना असे, ‘वंश’ हा. लेखाचा सारा प्रश्न या एका रकान्यात सामावलेला आहे. मनुष्य, एल्फ, बुटका यांपैकी काहीतरी एक तेथे लिहावे लागे. मग ज्याची आई एल्फ आणि बाप मनुष्य, त्याने काय लिहावे?

टोल्कीनचा निवाडा

हा प्रश्न खेळाच्या आधीचा आहे. या जमातींना आजचे रूप दिले ते ऑक्सफर्डचे भाषाशास्त्राचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्कीन (1892–1973) यांनी. त्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी 1954–55 मध्ये तीन खंडांत निघाली. त्यांचे एल्फ रूपवान, गानप्रिय आणि जरामरणापासून मुक्त. आपल्या गंधर्वांची आठवण व्हावी असे. ऑर्क त्याच्या उलट : कुरूप, क्रूर, दुष्ट सत्ताधीशांच्या सैन्यात राबणारे.

टोल्कीनच्या जगात एल्फ आणि मानव यांचे विवाह अगदी विरळा आहेत. महत्त्वाचे असे तीनच. पण त्यांच्या संततीपुढे जो प्रश्न उभा राहतो तो विलक्षण आहे. एल्फ अमर, मानव मर्त्य. मग दोघांच्या मुलाने मरावे की मरू नये? वयाची सरासरी काढता येते, मृत्यूची येत नाही. टोल्कीनने यावर निवाडा दिला : निवड करा. एलरॉन्ड आणि एलरॉस या जुळ्या भावांपुढे ही निवड ठेवली जाते. एलरॉन्ड एल्फ होतो आणि युगानुयुगे जगतो. एलरॉस मानव होतो, न्यूमेनॉरचा पहिला राजा बनतो, पाचशे वर्षे जगतो आणि मरतो. एका आईचे दोन मुलगे कायमचे दुरावतात. पुढे एलरॉन्डची मुलगी आर्वेन मर्त्य माणसावर प्रेम करून मृत्यू पत्करते, तेव्हा तीच ताटातूट बापलेकीच्या वाट्याला येते.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, टोल्कीनच्या जगात अर्धेपण ही राहण्याची जागा नव्हे; तो उंबरठा आहे. त्यावर उभे राहता येते, संसार थाटता येत नाही.

अर्ध-ऑर्कांना मात्र ही निवडसुद्धा नाही. सारुमान हा भ्रष्ट झालेला जादूगार ऑर्क आणि मानव यांचे मिश्रण घडवून आणतो असा संशय कादंबरीत व्यक्त होतो आणि ते कृत्य महापाप मानले जाते. त्या संततीपैकी कोणाला नाव नाही, आई नाही, कैफियत नाही. ते सैन्यात दिसतात आणि लढाईत मरतात. म्हणजे एका बाजूच्या अर्ध्यांना महाकाव्य मिळाले आणि दुसऱ्या बाजूच्या अर्ध्यांना फक्त शिरगणती.

भारतीय वाचकाला येथे घटोत्कचाची आठवण होणे साहजिक आहे. भीम आणि हिडिंबा यांचा हा पुत्र पांडवांना हवा असतो तो संकटाच्या वेळी. कर्णाची अमोघ शक्ती स्वतःवर झेलून तो मरतो आणि अर्जुन वाचतो. अर्जुन आणि नागकन्या उलूपी यांचा पुत्र इरावान याचीही गत तीच. तोही कुरुक्षेत्रावर पडतो. राज्य मात्र अभिमन्यूच्या मुलाकडे जाते. तथापि एक फरक आहे. व्यासांनी घटोत्कचाला नाव दिले, माता दिली आणि त्याच्या मृत्यूवर पांडवांना रडवले. टोल्कीनच्या अर्ध-ऑर्कासाठी कोणी रडत नाही.

1978 चे अंकगणित

आता खेळाकडे वळू. 1975 साली ‘ग्रेहॉक’ नावाच्या पुरवणीत अर्ध-एल्फ खेळात आला. 1978 साली ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकात त्याच्या जोडीला अर्ध-ऑर्क आला. कादंबरीकाराला निवडीवर भागवता येते. नियमकाराला आकडे द्यावे लागतात. हे आकडे बोलके आहेत.

एल्फवर झोपेची वा मोहिनीची जादू चालण्याला 90 टक्के प्रतिकार होता. अर्ध-एल्फला 30 टक्के. एल्फला चापल्यात एकाची भर आणि काटकपणात एकाची वजाबाकी. अर्ध-एल्फला ना भर ना वजाबाकी. रंगाच्या डब्यात पाणी ओतावे तसा हा हिशेब आहे. अर्ध-ऑर्कला बळात एक अधिक, काटकपणात एक अधिक आणि प्रभावात दोन उणे. शिवाय कोणत्या जमातीला कोणत्या पेशात किती पायऱ्या चढता येतील यावर बंधन होते. अर्ध-ऑर्क पुरोहित झाला तर चौथ्या पायरीवर थांबे, योद्धा झाला तर दहाव्या. वरपर्यंत विनाअडथळा चढता येईल असा पेशा त्याला एकच होता : मारेकऱ्याचा. त्याच पुस्तकात कोणत्या जमातीला कोणती जमात किती आवडते याचाही तक्ता होता आणि त्यात अर्ध-ऑर्कच्या वाट्याला बव्हंशी तिटकारा किंवा द्वेष आला होता.

नियमपुस्तकाचे आणखी एक विधान असे की, ऑर्क आणि मानव यांच्या संततीपैकी दहातला सुमारे एक जण माणसांत खपून जाण्याइतका मानवी दिसतो. खेळाडूने अर्ध-ऑर्क घ्यावयाचा तो या दहाव्यांपैकी. उरलेले नऊ जण ऑर्कच. म्हणजे अर्ध्याला खेळात प्रवेश मिळे तो त्याचे दुसरे अर्धे झाकता येते या अटीवर.

हे नियम लिहिले गेले तो देश आणि तो काळ लक्षात घेतला पाहिजे. अमेरिकेतील अनेक राज्यांत गोऱ्या-काळ्यांचे विवाह कायद्याने गुन्हा होते. ते कायदे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रद्द केले. त्यानंतर सातच वर्षांनी हा खेळ जन्मला. एका थेंबाने माणूस ‘काळा’ ठरतो असा दंडक त्या समाजात रुजलेला होता. तेथील जनगणनेच्या अर्जात एकाहून अधिक वंशांवर खूण करण्याची मुभा मिळाली ती 2000 साली. गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी मुद्दाम द्वेष पसरवू पाहत होते असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांना खेळात तोल हवा होता, चुरस हवी होती. परंतु हाताशी असलेल्या समाजाचा तक्ता न कळत खेळाच्या तक्त्यात उतरतो, एवढे मात्र खरे.

रक्ताचे पाणी होत नाही

अंकगणिताचा हा हिशेब शास्त्रालाही धरून नाही. आई-बापांचे गुण दोन रंगांसारखे मिसळून फिके होतात ही समजूत मेंडेलच्या आधीची. वाटाण्यांवरील प्रयोगांतून मेंडेलने 1866 मध्ये दाखवून दिले की, अनुवंशाचे घटक स्वतंत्र राहतात. काही प्रकट होतात, काही दडून राहतात आणि पुढच्या पिढीत पुन्हा वर येतात. संततीत गुणांची सरासरी निघेलच असे नाही. नवी जुळणी मात्र होते.

मानवजातीचा स्वतःचा इतिहासही यावर प्रकाश टाकतो. सायबेरियातील डेनिसोवा गुहेत हाडाचा एक लहानसा तुकडा सापडला. त्यातील जनुकांचे वाचन 2018 साली प्रसिद्ध झाले. सुमारे 90,000 वर्षांपूर्वीच्या त्या मुलीची आई निअँडरथल होती आणि बाप डेनिसोवन. दोन निरनिराळ्या मानवगटांचे हे पहिल्या पिढीतले मूल. आफ्रिकेबाहेरच्या सर्व माणसांत निअँडरथल अंश थोडाबहुत, साधारण एक ते दोन टक्के, आजही आहे; आपल्यातही आहे. म्हणजे ज्याला खेळात ‘मनुष्य’ म्हणून कोरा आणि शुद्ध आधार मानले, तोच मुळात मिश्र आहे. ‘अर्ध-एल्फ’ या नावात एल्फचा उल्लेख होतो, पण दुसरे अर्धे कोणाचे हे सांगावे लागत नाही. ते मानवाचेच असणार हे गृहीत धरलेले असते. जो मोजतो, तो स्वतःला मोजत नाही.

प्रेमाचे मूल आणि सक्तीचे मूल

या दोन जमातींमध्ये आणखी एक दरी होती आणि ती अंकांत न दिसणारी. अर्ध-एल्फच्या जन्मामागे प्रेमकथा असावी असे वाचकाला वाटे; अर्ध-ऑर्कच्या जन्मामागे युद्ध, लूट आणि स्त्रीवरील अत्याचार असणार असे सुचवले जाई. त्यामुळे ज्याला अर्ध-ऑर्कची भूमिका घ्यावयाची, त्याला बहुधा एका अत्याचाराची कथाही सोबत घ्यावी लागे.

या ठरीव साच्याला पहिला लक्षणीय धक्का दिला तो एका अर्ध-एल्फने. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या ‘ड्रॅगनलान्स’ कादंबऱ्या 1984 पासून निघू लागल्या. त्यांचा नायक टॅनिस याची आई एल्फ आणि बाप मानव, आणि त्याचा जन्म अत्याचारातून झालेला. येथे अत्याचारी आहे तो मानव. टॅनिस एल्फांच्या घरात वाढतो, पण त्याला दाढी येते. एल्फांना दाढी नसते. ती दाढी तो राखतो तेव्हा एल्फांना खटकते आणि माणसांत गेला की कानांची टोके लपवावी लागतात. त्याला प्रेमही दोन स्त्रियांचे वाटते, एक एल्फ आणि एक मानवी. घटना कादंबरीच्या असल्या तरी मनःस्थिती खरी आहे. म्हणूनच ते पात्र हजारो तरुण वाचकांना आपले वाटले.

अर्ध-ऑर्कचे काय झाले? 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुख्य नियमपुस्तकातून त्याला वगळले गेले. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत तो परतला. पेशांवरची जुनी बंधने गेली, पण बळात दोन अधिक, बुद्धीत दोन उणे, प्रभावात दोन उणे, असा शिक्का बसलाच. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत तो पुन्हा बाहेर आणि 2009 च्या दुसऱ्या पुस्तकात पुन्हा आत. या खेपेस लेखकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्याचा उगम मुद्दाम मोघम ठेवला आणि निरनिराळ्या दंतकथा दिल्या. आपली जन्मकथा कोणती हे खेळाडूने ठरवावे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत उणे अंक अजिबात नाहीत. उलट एक सुंदर गुण त्याला मिळाला : प्राणांतिक घाव बसून तो कोसळणार अशा क्षणी, ठरावीक विश्रांतीपर्यंत एकदा, तो एका गुणावर तग धरून उभा राहतो. मारेकऱ्यापासून तग धरणाऱ्यापर्यंतचा हा प्रवास छत्तीस वर्षांचा आहे.

निषिद्ध संकर

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहू. मानव-एल्फ चालतो, मानव-ऑर्क चालतो. मग एल्फ आणि ऑर्क यांचे मूल? 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकात ऑर्क कोणाशीही संकर करतात असे लिहून लगेच अपवाद सांगितला आहे : एल्फांशी त्यांचा संकर होऊ शकत नाही. पुढे या मनाईला पुराणकथेचा आधारही मिळाला. एल्फांचा देव कोरेलॉन याने युद्धात ऑर्कांचा देव ग्रुम्श याचा डोळा फोडला आणि तेव्हापासून दोन्ही जमातींचे हाडवैर जडले.

योगायोग असा की, त्याच 1977 साली टोल्कीनचा मरणोत्तर ग्रंथ ‘द सिल्मरिलियन’ प्रसिद्ध झाला. त्यातील एका कथनानुसार ऑर्क मुळात एल्फच. मेल्कोर या महादुष्टाने काही एल्फांना पकडून छळले, विद्रूप केले आणि त्यांतून ऑर्क घडवले. टोल्कीनला ही उपपत्ती पुढे खटकू लागली आणि त्याने इतर पर्याय चाचपून पाहिले. तथापि छापून लोकांपुढे आली ती ही. म्हणजे एका पुस्तकात ज्यांचा संकर अशक्य ठरवला, ते दुसऱ्या पुस्तकात एकाच रक्ताचे निघाले.

1994 पासून निघालेल्या ‘एल्डर स्क्रोल्स’ या संगणकीय खेळमालेने हाच धागा उचलला. त्या जगातील ऑर्क हे एल्फ वंशाचेच; त्यांच्या देवाचे अधःपतन झाले तेव्हा त्याचे भक्तही पालटले, अशी कथा आहे. त्याच जगात ब्रेटन नावाची एक जमात आहे. ती मानव आणि एल्फ यांच्या फार जुन्या मिश्रणातून झालेली. पण तिला कोणी ‘अर्धे’ म्हणत नाही. त्यांची गावे आहेत, राज्ये आहेत, सरदार आहेत. मिश्रण जुने झाले, स्थिरावले, त्याला गाव आणि नाव मिळाले की ‘अर्ध’ हा उपसर्ग आपोआप गळून पडतो. जगातल्या बहुतेक सर्व ‘शुद्ध’ म्हणवणाऱ्या समाजांचा इतिहास याहून वेगळा नसावा.

शत्रुत्व जितके कडवे तितका संकर निषिद्ध, आणि संकर जितका निषिद्ध तितके मूळ नाते जवळचे, असे या कल्पित पुराणांत वारंवार दिसते. अनोळखी माणसाशी कोणी पिढ्यान्‌पिढ्या भांडत नाही. भांडण भाऊबंदकीचे असते.

स्वतःचे नाव

निवड आणि सरासरी हे दोन मार्ग आपण पाहिले. तिसरा मार्ग दाखवला तो कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ या जगाने. 2002 साली डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशकांनी नव्या जगाची कल्पना मागवणारी स्पर्धा घेतली होती. तीत बेकर यांची कल्पना निवडली गेली आणि 2004 साली पुस्तक निघाले.

एबेरॉनमधील अर्ध-एल्फ स्वतःला ‘खोरावार’ म्हणवतात. त्यांच्या खंडाचे नाव खोर्वेअर; त्या भूमीची लेकरे ते खोरावार. एल्फ तेथे बाहेरून आले, मानवही बाहेरून आले; पण हे मिश्र लोक मात्र त्याच मातीत जन्मले. त्यांचे आईबापही खोरावार आणि आजीआजोबाही खोरावार. लिरँडार आणि मेडानी अशी त्यांची दोन बलाढ्य व्यापारी घराणी आहेत. लिरँडार घराण्याच्या ताब्यात वारा, पाऊस आणि आकाशनौका. मेडानी घराणे धोक्याची आगाऊ चाहूल घेणारे. ऑर्क आणि मानव यांच्या मिश्र संततीलाही तेथील दलदलीच्या प्रदेशात एक नाव आहे, ‘झॉर्गुनताल’, म्हणजे दोन रक्तांची लेकरे. दोन समाजांना जोडणारे म्हणून तेथे त्यांना मान आहे. येथे ‘दोन’ हा आकडा आला आणि ‘अर्धा’ गेला. गणित तेच, पण अर्धवटपणा संपून अर्धनारीनटेश्वराच्या बाजूला काटा झुकला.

‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या लोकप्रिय खेळाने हेच पाऊल नियमांतही टाकले. 2019 च्या आवृत्तीत त्यांनी ‘वंश’ हा शब्द काढून ‘कुळ’ अशा अर्थाचा शब्द घेतला. तरी अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क हे मानवकुळाचेच पोटभेद राहिले होते. 2023 साली परवान्यांच्या वादामुळे त्यांना नियमपुस्तके नव्याने लिहावी लागली. त्या निमित्ताने अर्ध-एल्फचा ‘ऐयुवारिन’ झाला आणि अर्ध-ऑर्कचा ‘ड्रोमार’, आणि दुसरे कुळ मानवाचेच हवे ही अट गेली. ऑर्क आणि एल्फ यांचे मूलही आता त्या नियमांत बसते. 1977 ची मनाई निदान एका घरात तरी उठली.

रकानाच पुसला तर?

डंजन्स अँड ड्रॅगन्सने मात्र वेगळी वाट धरली. 2020 साली जन्माने मिळणारे गुणांक खेळाडूने हवे तेथे लावावेत अशी मुभा दिली गेली. 2022 च्या ऑगस्टमध्ये नव्या नियमांचा मसुदा चाचणीसाठी निघाला. त्यात मिश्र संततीसाठी अशी तरतूद होती की, गुण एका पालकाचे घ्यावेत आणि रूप मात्र दोघांचे मिसळून रंगवावे. 2024 साली नवे नियमपुस्तक आले. त्यात ‘वंश’ शब्द जाऊन ‘प्रजाती’ आला. दहा प्रजाती आहेत. ऑर्क स्वतःच्या नावाने आहे, पण अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क नाहीत. ज्यांना हवे त्यांनी 2014 चे जुने नियम वापरावेत, अशी सोय आहे.

बदलामागचा विचार समजण्यासारखा आहे. माणसाला ‘अर्धा’ म्हणणे आणि बुद्धीचा अंक जन्मावर टांगणे हे वर्णद्वेषाच्या भाषेशी मिळतेजुळते आहे, हा आक्षेप खरा आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या खेळाडूंच्या घरात दोन वंश, दोन देश, दोन धर्म नांदतात, त्यांतील अनेकांना टॅनिससारख्या पात्रांत स्वतःचा चेहरा दिसला होता. त्यांनी विचारले : आमचा अपमान होतो म्हणून आमचे नाव काढलेत, पण आम्ही मग उभे कोठे राहावयाचे? गुण एकाचे आणि चेहरा दोघांचा, हा निवाडा नीट पाहिला तर टोल्कीनचाच आहे. निवड करा. फरक इतकाच की, टोल्कीनने त्या निवडीची किंमत किती भारी असते ते दाखवले होते. नव्या मसुद्यात ती एका ओळीत उरकली गेली. 2025 साली एबेरॉनसाठी नवे नियम तयार झाले तेव्हा खोरावार स्वतंत्र प्रजाती म्हणून आले, ही गोष्ट या संदर्भात सूचक आहे. दाराने बाहेर गेलेला अर्ध-एल्फ स्वतःचे नाव घेऊन परत आला. अर्ध-ऑर्कची पाळी अजून यावयाची आहे.

मला वाटते, या साऱ्या घडामोडीतून एक गोष्ट स्पष्ट होते. मिश्र जमातींशी वागण्याच्या तीन तऱ्हा आहेत. एक, त्यांना एका बाजूला ढकलणे. दुसरी, त्यांची सरासरी काढणे. तिसरी, त्यांना स्वतःचे नाव, घर आणि इतिहास देणे. पहिल्या दोन्ही तऱ्हांत प्रश्न तक्ता भरणाऱ्याच्या सोयीचा असतो. तिसरीत तो ज्याचा तक्ता आहे त्याच्या बाजूने सोडवलेला असतो. ‘अर्ध’ हा शब्द खटकतो म्हणून माणूस खोडणे हा उपाय नव्हे; शब्द बदलावा, माणूस ठेवावा. अर्थात तिसऱ्या मार्गालाही एक धोका आहे. खोरावार ही एकदा पक्की जमात झाली की, तिच्यातही ‘खरा खोरावार कोण’ हा वाद सुरू होऊ शकतो. आणि कालच ज्या घरात पहिला आंतरजातीय पाळणा हलला, त्या मुलाला तेथेही उपरे ठरवले जाऊ शकते. म्हणून नावाबरोबर दारही उघडे हवे.

हे सारे खेळातले, कागदावरचे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या अर्जांतही ‘मातृभाषा’ या शब्दापुढे एकच रेघ आखलेली असते, आणि ज्या घरात आई एक भाषा बोलते व वडील दुसरी, तेथील मुलगा पेन हातात घेऊन क्षणभर थांबतो. तो अर्धवट असतो म्हणून थांबत नाही. त्याला लिहावयाचे असते दोन शब्दांचे आणि जागा असते एकाची.